वाटणीत वारी कोणाची?

घराची वाटणी होते तेव्हा कागदावर सगळे येते. जमीन येते, विहिरीच्या पाण्याची पाळी येते, आईच्या अंगावरचे डाग येतात, बँकेतली ठेव येते आणि सोसायटीचे कर्जही येते. पंच बसतात, तलाठ्याकडे फेरफार होतो, सातबारे वेगळे निघतात. पण वारकऱ्याच्या घरात एक गोष्ट अशी असते की तिचा उल्लेख कोणत्याही वाटणीपत्रात नसतो. ती म्हणजे त्या घराची वारी. आजोबांनी केली, वडिलांनी केली, एक आषाढी चुकू दिली नाही. आता वडील गेले, भाऊ वेगळे निघाले. मग ती वारी कोणाच्या वाट्याला गेली? थोरल्याच्या? ज्याच्याकडे आई राहते त्याच्या? का वडिलांबरोबर तीही संपली?

आमच्या चिकलठाण्यात हा प्रश्न अलीकडे वरचेवर कानावर येतो. सुखना नदीच्या काठचे हे शेतकऱ्यांचे गाव. पुढे विमानतळ झाला, एमआयडीसी आली, गाव शहरात मिसळून गेले. जिथे बाजरी डोलत होती तिथे कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. जमिनीला भाव आला आणि एका चुलीच्या तीन चुली झाल्या. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. काळाप्रमाणे घरे वाढतात, फुटतात, नवी उभी राहतात. पण मागच्या चार पिढ्यांचा नेम अशा वेळी उंबऱ्यावर उभा राहतो, आणि त्याला आत कोणी घ्यायचे हे ठरत नाही.

मूळ प्रश्न सरळ शब्दांत असा आहे : जो शब्द मी दिला नाही, तो माझ्या बापाने दिला म्हणून माझ्यावर बंधनकारक आहे काय?

आपल्या संप्रदायात आधी पूर्वपक्ष नीट मांडण्याची रीत आहे. समोरच्याचे म्हणणे दुबळे करून खोडायचे नसते. तेव्हा आजच्या मुलाचे म्हणणे पुऱ्या जोराने मांडू. तो म्हणतो, "नेम ज्याने केला त्याचा. आजोबांच्या गळ्यात माळ पडली ती त्यांच्या मनाने. त्यांच्यावर काही संकट आले असेल, कोणा संताची भेट झाली असेल, त्यांना ओढ लागली. ती ओढ माझ्या अंगात रक्तातून उतरत नाही. मी ओढीशिवाय चाललो तर ती पायपीट होईल, वारी होणार नाही. आणि कंपनीतली रजा, मुलांच्या शाळा, घराचे हप्ते हे सगळे मोडून केवळ लोक काय म्हणतील म्हणून गेलो, तर ते ढोंग होईल. ढोंगाने पांडुरंग भेटतो काय?"

हे म्हणणे हलके नाही. संतांनी दंभावर जितके कोरडे ओढले तितके नास्तिकावरही ओढलेले नाहीत. तेव्हा "तुझे कर्तव्य आहे, चल" एवढ्याने त्या मुलाचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे की ब्राह्मण जन्मतो तोच तीन ऋणे घेऊन जन्मतो. ब्रह्मचर्याने ऋषींचे, यज्ञाने देवांचे आणि संततीने पितरांचे ऋण फेडायचे असते. हे वचन घेतले तर असे वाटेल की वारीही एक पितृऋणच आहे आणि ते मुलाने फेडलेच पाहिजे. स्मृतिकारांनीही बापाचे कर्ज मुलाने फेडावे असे सांगितले. पण त्यांनीच त्याला अपवाद ठेवले. जुगारासाठी, दारूसाठी बापाने केलेले कर्ज मुलाने देऊ नये, असे त्यांचे मत. म्हणजे बापाचे प्रत्येक देणे डोळे मिटून मुलावर येते, असे त्या काळीही नव्हते. आजच्या कायद्याने तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीत त्याही पुढचे पाऊल टाकले. त्यानंतर केलेले बापाचे कर्ज केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाकडून वसूल करता येत नाही.

आणि आपला भागवत तर याच्याही पलीकडे जातो. एकादश स्कंधाच्या पाचव्या अध्यायात करभाजन योगी निमी राजाला सांगतात की जो सर्वभावे मुकुंदाला शरण गेला, तो देवांचा, ऋषींचा, पितरांचा कोणाचाच ऋणी राहत नाही, कोणाचा चाकर राहत नाही. याच एकादश स्कंधावर नाथमहाराजांनी आपली टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली. तेव्हा विचार करा. जी भक्ती माणसाला सगळ्या ऋणांतून मोकळे करते, तीच भक्ती मुलाच्या मानेवर ऋण म्हणून ठेवायची, हे कसे जुळावे?

माझ्या समजुतीप्रमाणे इथे गाठ एका शब्दापाशी आहे. आपण वारीला ऋण समजतो, म्हणून घोळ होतो. वारी ही ठेव आहे. ऋण आणि ठेव यांत फरक काय? ऋणाला सावकार असतो, तो दारात येऊन मागतो. ऋण फेडले की संपते, आणि फेडणाऱ्याला सुटल्यासारखे वाटते. ठेवीचे तसे नाही. ठेव मागच्याने सांभाळलेली असते. ती मी घेतली तर माझी, वाढवली तर पुढच्याची. न घेतली तर कोणी जप्ती आणत नाही. तेवढी एक गोष्ट माझ्या घरात येता येता राहते. पांडुरंगाचे हात कटेवर आहेत. त्याच्या हातात वही नाही. कोण आला नाही याची खातेवही तो ठेवत असता, तर संप्रदाय सातशे वर्षे चाललाच नसता.

तुकोबारायांचे चरित्र याला साक्षी आहे. दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाले, पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. पुढे वडिलोपार्जित सावकारीची कर्जखते काढली आणि धाकट्या भावाला, कान्होबांना, सांगितले की निम्मी तुझी, निम्मी माझी. आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. यातला बारकावा पाहा. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्याच्या मालकीचा त्याग करण्याचा अधिकार आपल्याला नसतो, हे त्यांना ठाऊक होते. येणे सोडून दिले, पण एक वारसा त्यांनी सोडला नाही, तो विठ्ठलाचा. पैशाचे कागद पाण्यात गेले आणि घरातली वारी राहिली. त्या घराला मिळालेल्या दोन वारशांपैकी ठेवण्याजोगा कोणता आणि सोडण्याजोगा कोणता, ते त्यांनी निवडले. वारशात निवड असते, हा त्यातला पहिला धडा.

दुसरा धडा याच घराण्यात मागे गेले की सापडतो. देहूतली ही वारी विश्वंभरबुवांपासूनची, तुकोबांच्या आठ पिढ्या आधीची. परंपरा अशी सांगते की विश्वंभरबुवांच्या माघारी त्यांची दोन्ही मुले हरी आणि मुकुंद राजाच्या चाकरीत शिपाईगिरीला गेली आणि लढाईत कामी आली. मुलांनी वाट बदलली होती. त्या वेळी देहूचा देव कोणी सांभाळला? त्यांच्या आईने, आमाईने. ती आणि घरातली सून परत देहूला आल्या, वंश टिकला, पूजा टिकली. म्हणजे ज्या घराण्यातून तुकोबा जन्मले, त्या घराण्यातही एका पिढीत नेमाचा दोरा मुलांच्या हातून सुटला होता आणि तो बायकांनी धरून ठेवला होता. आपल्या घरी पोराने एक आषाढी चुकवली तर "आता सगळे संपले" म्हणून जे कपाळाला हात लावतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तिसरा धडा नारायणमहाराजांचा. तुकोबांचे वैकुंठगमन १६५० सालचे. नारायणमहाराजांचा जन्म त्यानंतरचा. ज्या मुलाने बापाचे तोंड पाहिले नाही, बापाचे एक कीर्तन ऐकले नाही, त्यानेच १६८५ साली पादुका पालखीत ठेवून देहूहून आळंदीमार्गे पंढरीचा सोहळा सुरू केला. बापाने त्याला "तू वारी कर" असे सांगितलेले नव्हते, सांगणे शक्यच नव्हते. तरी त्याने वारी केली आणि तिला असे रूप दिले की आज लाखो लोक त्यात चालतात. आज्ञेवाचूनही वारसा पोचतो तो असा. घरातल्या माणसांनी सांगितलेल्या आठवणींतून, आईच्या तोंडून, गावाच्या वागण्यातून तो पोचतो.

आणि चौथा धडा सर्वांत मोठा. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताई. यांचे मूळ घराणे आपल्याच जिल्ह्यातल्या, पैठणजवळच्या गोदाकाठच्या आपेगावचे. संन्याशाची पोरे म्हणून समाजाने त्यांना दूर लोटले. त्यांच्या आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले. चौघांपैकी कोणाचाही संसार झाला नाही, कोणालाही मूलबाळ नाही. संसाराच्या हिशेबाने त्या घराची वेल तिथे खुडली गेली. आणि आज महाराष्ट्रात "माउली" म्हणून हाक मारली तर किती ओ देतात ते वारीच्या वेळी दिवेघाटात उभे राहून पाहावे. त्या माउलींची पालखी स्वतंत्रपणे सुरू केली ती हैबतबाबा आरफळकरांनी, जे सातारा भागातले, शिंद्यांच्या चाकरीतले सरदार. ना आपेगावचे, ना माउलींच्या गोताचे. तरी वारसदार तेच झाले. वंश रक्ताने चालतो हे खरे. पण वारसा उचलणाऱ्याने चालतो.

आता जिथे हा प्रश्न माझ्यासमोर खरोखर आला, ते सांगतो. आमच्या शिवारातले एक घर, नाव सांगण्याचे कारण नाही. वडील वारले, वर्षश्राद्ध झाले, तीन भावांनी वाटणी केली. थोरला शेतीवर, मधला कंपनीत पाळीवर, धाकटा पुण्याला. तिघे एकदा माझ्याकडे आले. पाण्याच्या पाळीवरून भांडण नव्हते, पैशावरून नव्हते. वडिलांची पताका आणि टाळ कोणाकडे जावेत यावरून अबोला होता. थोरला म्हणाला, "मी मोठा, मान माझा." पण त्याला गुडघ्याने चालवत नाही. मधला म्हणाला, "महाराज, मला रजा मिळत नाही, पण मला बाजूला काढल्यासारखे वाटू देऊ नका." धाकटा गप्प होता. मी विचारले, "तुमची बहीण काय म्हणते?" तिघेही एकमेकांकडे बघू लागले. तिला कोणी विचारलेच नव्हते. वाटणीच्या कागदावर तिने भावांच्या बाजूने हक्कसोड करून दिली होती, एवढाच तिचा विषय झाला होता.

बहीण आली. जालन्याकडे दिलेली, पन्नाशीची बाई. ती म्हणाली, "दादा, जमीन तुम्हाला सोडली, तिचे मला काही वाटले नाही. पण बाबांच्या शेवटच्या तीन वाऱ्यांत त्यांची पडशी मीच वाहिली. ते मला सोडायला लावू नका." कोणी काही बोलेना. थोरल्याने पताका उचलून तिच्या हातात दिली. आता ती चालते. थोरला दिंडीच्या भिशीत भर घालतो आणि एकादशीला घरी हरिपाठ लावतो. मधला जेवढी रजा मिळेल तेवढे दोन मुक्काम गाठतो. धाकट्याने एका वर्षी आपल्या मुलाला आत्याबरोबर पाठवले. वाटणी तिघांत झाली होती, वारी चौघांची राहिली.

महाराष्ट्राने १९९४ साली आणि पुढे देशाने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला. कायदा त्या वर्षांचा, पण वारशाच्या दुसऱ्या बाजूला आपल्या संतांनी हा हक्क कधीच मान्य केला होता. आपल्या वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या बहिणाबाईंचे उदाहरण घ्या. जन्म वेरूळजवळच्या देवगावचा, लहान वयात प्रौढ बिजवराशी लग्न, नवऱ्याचा मार खाल्ला, आणि जातीचा विचार न करता तुकोबांना गुरू केले. १७०० साली देह ठेवताना त्यांनी आपल्या मुलाला जवळ बसवून आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. त्या काळी बाईच्या हातात जमीन नव्हती, सोने असले तरी तिचे नव्हते. त्यांनी मुलाला दिले ते आपण कोण, कुठून आलो, कोणाच्या नावाने तरलो, याचे ज्ञान. अशा ठेवीची फोड करता येत नाही.

आता एक शंका उरते. वारी ऋण नाही, सक्ती नाही, ज्याने उचलली त्याची, असे म्हटले तर ती हळूहळू आटून जाणार नाही काय? सक्ती काढली की नेम सैल होतो, हा अनुभव आहे. शंका खरी आहे. पण सक्तीने टिकलेल्या नेमाचे काय होते तेही पाहिले पाहिजे. नाथमहाराजांचे पुत्र हरिपंडित विद्वान. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना पटले नाही. ते घर सोडून काशीला गेले. नाथमहाराज स्वतः काशीला गेले, त्यांना समजावून घरी आणले, त्यांच्या अटीही काही काळ मान्य केल्या. शाप दिला नाही, "माझ्या घराण्याला बट्टा लावलास" म्हटले नाही. एवढ्या मोठ्या अधिकाराच्या पुरुषाने पोराच्या मतभेदाला जागा दिली, आणि शेवटी हरिपंडित वडिलांचे झाले ते वडिलांचे वागणे डोळ्यांनी पाहून. भानुदासांपासून चालत आलेला वारसा त्या घरात दमदाटीने पुढे गेला नाही. आपल्यापैकी ज्यांची मुले आज वारीला नाक मुरडतात, त्यांना यापेक्षा मोठा आधार कोणता हवा?

मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी करायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, वारी घरात कशी आली ते सांगावे. आपण मुलांना वारी चुकवू नये एवढे सांगतो, ती सुरू का झाली ते सांगत नाही. कुठल्या दुष्काळात, कुठल्या मरणानंतर, कोणाच्या सांगण्यावरून पणजोबांनी पहिले पाऊल टाकले, ते मुलाला कळले की वारीला तोंड येते, नाव येते. आमच्या जुन्या माणसांच्या आठवणी वारीने मोजलेल्या असत. "तू झालास त्या वर्षी वाखरीला धुवाधार पाऊस होता", "तुझ्या आत्याचे लग्न झाले ती माझी अकरावी वारी." बारसे, माळ घालणे, पेरणी, लग्न, म्हातारपण या सगळ्या खुणा एकाच वाटेवर रोवलेल्या असत. त्या ऐकत मोठे झालेल्या पोराला वारी परकी वाटत नाही.

दुसरी, वारीला घरातल्या माणसांच्या वर बसवू नये. पंढरीत देव विटेवर उभा राहिला तो पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता म्हणून. देव दारात आला आणि पुंडलिकाने त्याला थांबायला सांगितले. देव थांबला. संप्रदायाचा पायाच हा आहे. ज्याच्या घरी आई अंथरुणाला खिळली आहे आणि म्हणून जो आषाढीला गेला नाही, त्याची वारी चुकली असे म्हणणाऱ्याला पुंडलिक कळला नाही. नाथमहाराजांच्या घरच्या श्राद्धाची कथा सर्वांना ठाऊक आहे. पितरांसाठी रांधलेले अन्न त्यांनी दारावरून जाणाऱ्या, वास घेऊन व्याकुळ झालेल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढले. ब्राह्मण रुसले, आणि पितर स्वतः पानावर येऊन बसले. पूर्वज कशाने तृप्त होतात याचे त्याहून स्पष्ट उत्तर नाही. समोरच्या जित्या माणसाची भूक ओळखणाऱ्या घरात पूर्वज येतात.

तिसरी, जागेचा फार अभिमान धरू नये. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली ते राष्ट्राला अर्पण झाले. नाथसागराच्या पाण्याखाली शंभराच्या वर गावे गेली. देवळे गेली, पूर्वजांच्या समाध्या गेल्या, पारावरचे वड गेले. ती माणसे नव्या वस्त्यांवर गेली. त्यांच्या पूर्वजांची भुई कुठे, असे विचारले तर पाण्याकडे बोट दाखवावे लागते. पण आषाढीसाठी त्यांच्यातल्या वारकऱ्यांनी वळकटी बांधली आणि ते नाथांच्या पालखीबरोबर चालू लागले. आमच्याकडे काही जमिनी धावपट्टीखाली गेल्या, काहींवर शेड उभ्या राहिल्या. जमीन जाते, सातबाऱ्यावरचे नाव पुसते. चालायची वाट मात्र कोणाच्या गटनंबरात नसते, म्हणून ती जात नाही.

तेव्हा तरुणाच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे. बाळा, तुझ्या बापाचा शब्द तुझ्यावर कर्ज म्हणून बसत नाही. तू गेला नाहीस तर पांडुरंग तुझ्यावर दावा लावणार नाही, आणि आम्ही म्हाताऱ्यांनीही लावू नये. पण ठेव न उघडता परत करू नकोस. एकदा चालून बघ. सगळे दिवस नको, दोन मुक्काम चाल. बापाचे जोडे ज्या वाटेवर झिजले ती वाट पायाखाली येऊ दे. मग ओढ लागली तर वारी तुझी. नाही लागली, तर तुझ्या बहिणीला, पुतण्याला, शेजाऱ्याच्या पोराला मोकळ्या मनाने पताका दे आणि जाताना त्यांच्या पिशवीत भाकरी बांधून दे. तेही वारीतलेच काम आहे.

आणि ज्यांच्या घरी वाटणी व्हायची आहे त्यांना एवढेच सांगणे. सगळे वाटून झाल्यावर बापाची माळ, टाळ, पताका कोणाच्या हिश्शात टाकू नका. ती देवघरात ठेवा आणि दरवर्षी ज्येष्ठात सर्वांना, लेकीसकट, बोलावून विचारा, "यंदा कोण जातो?" ज्या घरात हा प्रश्न दरसाल विचारला जातो, त्या घरातली वारी चालू आहे असे समजावे.

रामकृष्णहरी.